गट मोडणारा कॅम्प: फुकेतमध्ये मित्रांसोबत मुए थाई शिकण्याविषयी

थायलंडच्या फुकेत बेटावर, दक्षिणेकडच्या चालोंग भागात, सोई ता-इयद नावाचा एक छोटा रस्ता आहे. पायी सहज पार करता येईल एवढ्या या रस्त्यावर मुए थाई हा थायलंडचा लढाऊ खेळ शिकवणारे कॅम्प, व्यायामशाळा, मालिशची दुकाने, ताटातल्या प्रथिनांचा हिशेब फळ्यावर लिहिणारी उपाहारगृहे आणि भाड्याच्या स्कूटरी यांखेरीज फारसे काही दिसत नाही. पुण्यातल्या एकाच किकबॉक्सिंगच्या वर्गात जाणारे आम्ही चौघे, दोन मैत्रिणी आणि दोन मित्र, यंदा याच रस्त्यावरच्या एका मोठ्या कॅम्पमध्ये काही आठवडे राहून शिकलो. कॅम्पचे नाव मी देत नाही, कारण पुढे काही तक्रारी आहेत आणि त्या थोड्याफार फरकाने अशा कोणत्याही मोठ्या कॅम्पला लागू पडाव्यात असे मला वाटते. माझे एकूण मत अनुकूल आहे आणि त्यामागचे मुख्य कारण अनेकांना विचित्र वाटेल: या कॅम्पने पहिल्याच दिवशी आमचा गट मोडला.

मुए थाई शिकायला जाणाऱ्यांपुढे साधारणपणे तीन पर्याय असतात. बँकॉकमधील जुने कॅम्प मुख्यतः व्यावसायिक लढवय्ये घडवण्यासाठी चालतात. तिथे परदेशी विद्यार्थ्यांना प्रवेश मिळतो, पण सगळी रचना त्यांच्या सोयीची नसते. उत्तरेकडचे चियांग माई तुलनेने स्वस्त, शांत आणि हिवाळ्यात थंड असते. फुकेतचे मोठे कॅम्प मात्र परदेशी विद्यार्थ्यांवरच उभे आहेत, त्यामुळे तिथे नवख्यांचा वर्ग वेगळा असतो, इंग्रजी थोडेफार चालते, राहण्याची सोय कॅम्पमध्ये किंवा शेजारी होते आणि ज्याने आयुष्यात कधी ग्लोव्ह्ज घातलेले नाहीत त्यालाही कोणी हसत नाही. आमच्यातल्या एकाने हौशी पातळीवरच्या काही लढती खेळलेल्या होत्या, आम्ही दोघी मधल्या पातळीच्या होतो आणि चौथ्याने प्रवासाच्या जेमतेम आधी वर्गात नाव घातले होते. अशा मिश्र गटाला फुकेतच बरे, हा आमचा अंदाज योग्य ठरला.

पहिल्या सत्रात प्रत्येकाला आरशासमोर शॅडो बॉक्सिंग, म्हणजे हवेत फटके मारण्याचा सराव, करायला सांगितले आणि नंतर पॅडवर, म्हणजे प्रशिक्षकाने हातांत धरलेल्या जाड गाद्यांवर, एक फेरी घेतली. मुख्य प्रशिक्षकांनी, ज्यांना सगळे ‘क्रू’, म्हणजे गुरू, म्हणून हाक मारतात, तेवढ्यावरून आम्हाला तीन वेगवेगळ्या रिंगांकडे पाठवले. आम्ही एकत्र राहण्याची विनंती केली तेव्हा त्यांनी हसून मान हलवली आणि दुसऱ्या विद्यार्थ्याकडे वळले. त्या वेळी हा रुक्षपणा वाटला. दोनच दिवसांत त्यामागचा विचार कळला. ओळखीची माणसे शेजारी असली की दमल्यावर त्यांच्याकडे पाहून थांबता येते, चूक झाली की हसून ती झाकता येते, आणि जो मित्र थोडा पुढचा असतो तो नकळत शिक्षकाची जागा घेऊन चुकीच्या गोष्टी आत्मविश्वासाने शिकवू लागतो. परक्या माणसांमध्ये यातले काहीच चालत नाही. आमचा नवखा मित्र एका ब्राझिलियन विद्यार्थ्याच्या जोडीला लागला, आणि दोघांना एकमेकांची भाषा येत नसल्यामुळे त्यांनी बोलण्याऐवजी सराव केला.

दिवसात दोन सत्रे असतात, एक सकाळी आणि एक ऊन उतरल्यावर, प्रत्येकी सुमारे दोन तासांचे. धावणे किंवा जाड दोरीवरच्या उड्या, अंग मोकळे करणे, शॅडो बॉक्सिंग, तंत्राचा सराव, पॅडच्या फेऱ्या, बॅग, मग आळीपाळीने स्पारिंग (जोडीदाराशी सरावाची लढत) किंवा क्लिंच (एकमेकांना पकडून जवळून लढणे) आणि शेवटी गुडघ्यांचे व पोटाचे व्यायाम, असा क्रम बहुधा ठरलेला असतो. रविवारी सुट्टी. दोन्ही सत्रे रोज करण्याचा निश्चय जवळजवळ सगळेच करतात आणि पहिल्या आठवड्याच्या अखेरीस जवळजवळ सगळेच तो सोडतात. दमट हवा, नडग्यांचा मुका मार आणि पायांना आलेले फोड यांच्यापुढे निश्चयाचे काही चालत नाही. सुरुवातीला दिवसाला एकच सत्र करावे, हा कॅम्पचा सल्ला रास्त आहे.

या सगळ्यात पैसे खऱ्या अर्थाने वसूल होतात ते पॅडच्या फेऱ्यांत. भारतात आम्हाला शिकवणारे प्रशिक्षक पॅड धरतात ते बहुधा फटका झेलण्यापुरते. इथला प्रशिक्षक पॅड घेऊन प्रत्यक्ष लढतो: तुम्ही लाथ मारून पाय खाली ठेवण्याआधी त्याची लाथ तुमच्या बरगड्यांवर टेकते, हात खाली आला की पॅड कानावर बसतो, आणि तोल जरा जरी गेला तरी तो ‘थीप’ मारून, म्हणजे समोरून पायाने ढकलून, तुम्हाला दोरांपर्यंत पोहोचवतो. यांतले बरेच प्रशिक्षक ईशान्य थायलंडच्या इसान भागातून आलेले असतात आणि त्यांनी लहानपणापासून लढती केलेल्या असतात. शब्दांत समजावण्याची त्यांना सवय नसते आणि गरजही पडत नाही. कोल्हापूरच्या तालमीत वस्ताद जसा पट्ठ्याला पकड सांगण्याऐवजी त्याच्या अंगावर पकड घालून दाखवतो, तसाच हा प्रकार आहे. लाथ बरोबर बसली की ‘ओएऽय’ अशी आरोळी येते. ती ऐकण्यासाठी माणूस फेरीच्या शेवटच्या मिनिटातही पाय उचलतो.

किकबॉक्सिंगच्या वर्गातून गेलेल्यांना काही सवयी मोडाव्या लागतात. आम्ही पुढे झुकून, हातांवर भर देऊन लढायला शिकलो होतो. मुए थाईत मुठी, कोपरे, गुडघे आणि नडग्या अशी आठ हत्यारे असल्यामुळे पुढे झुकलेले डोके सरळ गुडघ्यावर जाते, म्हणून पवित्रा ताठ असतो आणि पुढचा पाय हलका ठेवतात, जेणेकरून प्रतिस्पर्ध्याची लाथ नडगीवर अडवता यावी. लाथ पावलाच्या वरच्या भागाने मारण्याऐवजी नडगीने मारायची, कंबर पूर्ण फिरवायची आणि त्याच बाजूचा हात खाली झटकून त्या फिरण्याला बळ द्यायचे, ही एकच गोष्ट दुरुस्त करण्यात माझ्या प्रशिक्षकाने बहुतेक काळ घालवला. कंटाळा आला, हे मान्य करते. पण संपूर्ण मुक्कामातली तीच कमाई आहे.

स्पारिंगविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण मित्रांच्या गटाचे खरे प्रश्न तिथेच उभे राहतात. थाई कॅम्पमधले स्पारिंग हलके, जवळजवळ खेळकर असते. व्यावसायिक लढवय्यांना वारंवार रिंगणात उतरायचे असते, म्हणून सरावात एकमेकांना जखमी करणे त्यांना परवडत नाही. वेग, अंतर आणि हुलकावण्या यांचा सराव होतो, ताकद पॅड आणि बॅगसाठी राखून ठेवतात. आपल्याकडच्या अनेक वर्गांत स्पारिंग म्हणजे अर्धी लढतच असते आणि दोन मित्र समोरासमोर आले की जुने हिशेबही त्यात मिसळतात. आमच्यातले दोघे मित्र एका संध्याकाळी एकमेकांसमोर आले आणि पाहता पाहता फटके जड होऊ लागले. प्रशिक्षकाने घंटेची वाट न पाहता दोघांना वेगळे केले आणि प्रत्येकाला वयाने लहान, वजनाने हलक्या थाई मुलासमोर उभे केले. त्या मुलांनी त्यांना एकही जोराचा फटका न मारता हवे तसे खेळवले. त्यानंतर कॅम्पने त्या दोघांना पुन्हा जोडीला लावले नाही.

क्लिंचमध्ये मान आणि दंड पकडून प्रतिस्पर्ध्याचा तोल काढणे व गुडघे मारणे अपेक्षित असते, आणि इथे वजनाचा मेळ अत्यावश्यक आहे. आम्हा दोघींना आमच्या वजनाच्या जोडीदार मिळाव्यात म्हणून प्रशिक्षक लक्ष देत होते, पण वर्गात स्त्रिया कमी असल्या की नाइलाजाने आम्हा दोघींचीच जोडी लागे. थायलंडमध्ये स्त्रियांनी पुरुषांच्या रिंगला स्पर्श करू नये, अशी समजूत दीर्घकाळ होती. बँकॉकच्या लुम्पिनी स्टेडियममध्ये, जे १९५६ पासून सुरू आहे, स्त्रियांची पहिली लढत २०२१ मध्ये झाली. काही कॅम्पमध्ये आजही स्त्रियांना खालच्या दोराखालून रिंगमध्ये शिरावे लागते. आमच्या कॅम्पमध्ये तसे काही नव्हते, पण मैत्रिणींनी नोंदणीपूर्वी हे विचारून घ्यावे.

आता तक्रारी. नोव्हेंबर ते एप्रिल हा फुकेतचा कोरडा आणि गर्दीचा हंगाम असतो, आणि त्यात वर्ग इतके भरतात की पॅडच्या अपेक्षित फेऱ्यांपैकी एखादी गळते. अशा वेळी खासगी सत्र घेण्याचा आग्रह वाढतो आणि गर्दी व आग्रह यांचा संबंध नाही असे मानणे मला जड जाते. खासगी सत्र चांगले असते, पण सामूहिक वर्गाची उणीव भरून काढण्यासाठी ते विकत घ्यावे लागणे योग्य नाही. दुसरी तक्रार स्वच्छतेची. मॅट रोज धुतले जात होते, परंतु कॅम्पच्या मालकीचे ग्लोव्ह्ज आणि शिन गार्ड (नडगीवर बांधायचे संरक्षक) यांचा वास दुरूनच येत असे. दमट हवेत त्वचेचे संसर्ग वेगाने पसरतात, तेव्हा ग्लोव्ह्ज, शिन गार्ड, हातपट्ट्या आणि माउथगार्ड स्वतःचेच असावेत. थायलंडमध्ये बनणारे सामान तिथेच घेतल्यास निवड भरपूर मिळते, मात्र कॅम्पच्या दुकानापेक्षा बाहेर चौकशी करून घ्यावे.

जेवणाची चिंता आम्हाला सर्वाधिक होती, कारण आमच्यातली एक जण जैन आहे. थाई स्वयंपाकात मासळीपासून केलेला ‘नाम प्ला’ जवळपास सर्वत्र पडतो, त्यामुळे केवळ मांस नको असे सांगून भागत नाही. तिथे ‘जे’ नावाची शाकाहाराची परंपरा आहे, तिच्या दुकानांवर पिवळ्या कापडावर लाल अक्षरे असतात, आणि त्या जेवणात मांस, मासे, अंडी, दूध यांबरोबर कांदा-लसूणही वर्ज्य असतो. फुकेतमध्ये चिनी वंशाच्या लोकांची मोठी वस्ती असल्यामुळे दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास नऊ दिवसांचा शाकाहारी उत्सव होतो. कंदमुळांचा प्रश्न उरतोच, पण पनीर न दिसणाऱ्या ठिकाणी टोफूवर तिने उत्तम दिवस काढले. बाकीच्या तिघांचे ‘खाओ मन काय’, म्हणजे कोंबडीच्या रश्शात शिजवलेला भात आणि उकडलेली कोंबडी, यावर समाधान झाले.

खर्चाचा अंदाज द्यायचा तर या रस्त्यावर सामूहिक वर्गांचे महिन्याचे शुल्क साधारण दहा ते पंधरा हजार बाथच्या घरात असते, आणि राहणे, जेवणे, स्कूटर वेगळे. स्कूटरबाबत एक सूचना गांभीर्याने घ्यावी. दुकानदार परवाना न पाहता गाडी देतात, पण आरटीओकडून दुचाकीसाठीही वैध असलेला आंतरराष्ट्रीय परवाना घेतला नसेल, तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करते. तसेच नेहमीच्या प्रवास विम्यात लढाऊ खेळांचा सराव बहुधा वगळलेला असतो. पॉलिसीतील ते कलम वाचूनच पैसे भरावेत. जुलै २०२४ मध्ये थायलंडने भारतीयांना व्हिसाशिवाय ६० दिवस राहण्याची मुभा दिली होती. अशा सवलती बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी दूतावासाचे संकेतस्थळ पाहावे. मे २०२५ पासून प्रवेशापूर्वी भरायचे डिजिटल आगमनपत्र मात्र सक्तीचे आहे आणि ते विनामूल्य आहे. त्यासाठी पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांच्या नादी लागू नये.

परतताना बँकॉकमध्ये थांबून राजदमनर्न स्टेडियममधल्या लढती पाहाव्यात, अशी माझी शिफारस आहे. हे स्टेडियम १९४५ मध्ये सुरू झाले. लढतीपूर्वीचे गुरुवंदन, मोंगकोन हा डोक्यावरचा पवित्र पट्टा, सनई आणि ढोलाच्या चालीवर वाढत जाणारी लढत हे सारे पर्यटकांनाही आवडते, पण शिकून गेलेल्याला गुणांचे तर्कशास्त्र कळू लागते. पाच फेऱ्यांच्या पारंपरिक लढतीत पहिल्या दोन फेऱ्या अंदाज घेण्यात जातात, निर्णय बहुधा तिसऱ्या आणि चौथ्या फेरीत होतो, आणि तोल न ढळता मारलेली लाथ किंवा गुडघा यांना ठोशांपेक्षा अधिक मोल मिळते. पहिल्या लढतीत कोण जिंकेल याचा आमच्या हौशी लढवय्या मित्राचा अंदाज चुकला, पुढच्या लढतींत मात्र त्याचे अंदाज बरोबर येऊ लागले.

गटाने जाणार असाल तर नोंदणीपूर्वी कॅम्पला ई-मेल करून दोन गोष्टी विचारा: तुम्ही जाणार त्या महिन्यात एका प्रशिक्षकामागे किती विद्यार्थी असतात, आणि वेगवेगळ्या पातळीच्या मित्रांना ते एकाच वर्गात ठेवतात का. दुसऱ्या प्रश्नाला ‘हो, तुम्ही म्हणाल तसे’ असे उत्तर आले, तर पुढच्या कॅम्पला लिहा.