भाड्याची सायकल, स्वतःचं सॅडल : पासाऊ ते व्हिएन्ना आणि नंतरचे चार महिने

सायकलचं चामड्याचं सॅडल (बसायची सीट) घेऊन अकरा महिने झाले. पहिले सात महिने रोजच्या सायकलवर, मग आठवडाभर डॅन्यूब नदीच्या काठानं जर्मनीतलं पासाऊ ते ऑस्ट्रियातलं व्हिएन्ना, आणि परत आल्यापासून पुन्हा रोज. ग्रुपबरोबर परदेशात भाड्याच्या सायकलवर जाणाऱ्यांसाठी मुद्दाम लिहितोय. सॅडल सोबत न्यावं हे मला एका मैत्रिणीनं सांगितलं म्हणून सुचलं, आणि त्याबद्दल तिचे मनापासून आभार.

सुरुवातीला ते पाटासारखं कडक होतं. दोन महिने रोज तासभर बसल्यावर चामड्यावर, बैठकीची दोन हाडं टेकतात तिथं, अंगठ्यानं दाबल्यासारखे दोन खळगे दिसू लागले. उजवा जरा जास्त खोल. त्यानंतर ते दुखायचं थांबलं. म्हणून नवं सॅडल घेऊन थेट सहलीला निघू नका, किमान दोन-तीन महिने हाताशी ठेवा.

पासाऊला (इथे डॅन्यूबला इन आणि इल्झ या नद्या येऊन मिळतात) सायकली मिळाल्या. दणकट, मडगार्डवाल्या, वर रुंद, मऊ जेल भरलेलं सॅडल. आमच्या आयोजकांनी आधी कळवलं होतं की सॅडल एलन कीनं (षट्कोनी किल्लीनं) निघेल. प्रत्यक्षात सॅडल पकडणारा क्लॅम्प जुन्या पद्धतीचा, दोन्ही बाजूंना नट. माझ्याकडे पाना नव्हता. सायकली देणाऱ्या माणसानं आपला पाना दिला आणि दहा मिनिटांत काम झालं. तुम्ही मात्र क्लॅम्पचा फोटोच मागवून घ्या. आणखी एक, मागचा ब्रेक उलटं पेडल मारून लागत होता. सवय नसेल तर पहिला अर्धा तास मोकळ्या जागेत चालवून बघा.

पहिले दोन दिवस कुणालाच काही जाणवलं नाही. श्ल्योगेनला नदी जवळजवळ उलटी वळते, तिथं सायकलींसकट होडीनं पलीकडे गेलो, सगळे खुशीत. तिसऱ्या दिवशी लिंझच्या पुढे मात्र ग्रुपमधले निम्मे लोक दर पाच किलोमीटरला उभं राहून पेडल मारत होते. मऊ जेलमध्ये हाडं रुततात, मधला भाग वर येतो आणि नसा दबतात; मग बधिरपणा येतो. गादी जाड म्हणजे आराम जास्त, हा समज तिथं सगळ्यांचाच गेला. एका काकूंचं हँडल दोन बोटं वर घेतलं आणि सॅडलचं नाक किंचित खाली केलं, त्यांना लगेच बरं वाटलं. मी रोजचे पन्नास-साठ किलोमीटर बसूनच केले.

पावसाची काळजी घ्यावीच लागते. ग्राइनच्या अलीकडे जोराची सर आली. मी प्लॅस्टिकची पिशवी चढवली होती, पण ती बसून बसून मागून फाटली आणि कड भिजली. ओलं चामडं बसल्यानं ताणलं जातं, हीटरजवळ ठेवलं तर तडकतं. रात्रभर खोलीत नुसतं उघडं ठेवलं, सकाळी मेण चोळलं. कडेला फिकट डाग राहिला, आकार मात्र बिघडला नाही.

मेल्कनंतरचं वाखाऊ खोरं हा या रस्त्याचा सर्वांत सुंदर तुकडा. 2000 पासून जागतिक वारसा यादीत आहे. द्राक्षमळ्यांच्या पायऱ्या, जर्दाळूची झाडं, आणि ड्यूर्नश्टाइनचा पडका किल्ला, जिथं 1192 च्या हिवाळ्यात इंग्लंडचा राजा रिचर्ड कैदेत होता. अंग दुखत असताना हे डोळ्यांत शिरत नाही. त्या दिवशी मान वर करून बघत बघत चालवता आलं, आणि एवढ्यासाठी अर्धा किलोचं ओझं मी पुन्हाही नेईन.

वजन मात्र खरंच आहे, हलक्या प्लॅस्टिक सॅडलच्या जवळपास दुप्पट. परत आल्यावर मधला भाग थोडा सैल वाटला, म्हणून नाकाखालचा ताणाचा बोल्ट पाव फेरा फिरवला. त्यानंतर चार महिने हात लावायची गरज पडलेली नाही. त्या काकूंनीही आता असंच सॅडल घेतलंय; त्यांचा सध्या पाचवा आठवडा चालू आहे.