पन्हाळा: गाडी नाक्यापाशी लावा आणि चालायला लागा

पन्हाळ्याची खोट एकच, गाडी थेट वर जाते. 1844 च्या गडकऱ्यांच्या, म्हणजे किल्ल्यांवरच्या शिबंदीच्या, बंडात इंग्रजांनी ‘चार दरवाजा’ नावाचं प्रवेशद्वार पाडलं आणि आज रस्ता त्याच पडक्या अवशेषांजवळून आत शिरतो. त्यामुळे दीड तासात चार ठिकाणी फोटो काढून लोक खाली उतरतात आणि ‘किल्ल्यासारखं काही वाटत नाही’ म्हणतात. वाटणार कसं? इथे घरं आहेत, दुकानं आहेत, नगरपरिषद आहे. नांदतं गाव आहे हे. किल्ला त्यातून शोधून काढावा लागतो.

कोल्हापूरहून अंतर साधारण 20 किलोमीटर, एसटी मिळते. वेळ कमी असेल तर तबक उद्यान सोडा, अंबरखाना सोडू नका. गंगा, यमुना, सरस्वती अशी तीन कोठारं. त्यात गंगा कोठी सगळ्यांत मोठी, 25,000 खंडी धान्य मावेल एवढी. आत गेल्यावर लगेच बाहेर पडू नका, मान वर करा. प्रत्येक खणाच्या घुमटाला माथ्यावर भोक आहे. बाहेरून जिन्याने छतावर जायचं आणि वरून धान्य ओतायचं, अशी ती रचना. 1660 मध्ये आदिलशाही सरदार सिद्दी जौहरचा वेढा चार महिने का चालला, हे इथे उभं राहिल्यावर डोळ्यांसमोर येतं.

पश्चिमेचा ‘तीन दरवाजा’ हा गडाचा सर्वांत देखणा भाग. पण नक्षीत अडकू नका. बाहेरचा दरवाजा, मग चौक, मग आतला दरवाजा हा क्रम बघा. पहिला फोडून आत आलेला शत्रू चौकात कोंडला जातो आणि चहूबाजूंनी मार खातो. जवळच अंधारबाव आहे, म्हणजे वर इमारत आणि पोटात विहीर. तीन मजले: वर पहारेकऱ्यांची जागा, तळाला पाणी आणि मधल्या मजल्यावर तटाबाहेर उघडणारी चोरवाट. विजेरी न्याच, मोबाइलच्या उजेडात पायऱ्यांचा अंदाज चुकतो. वेढ्यात शत्रू आधी पाण्यात विष कालवतो, म्हणून विहिरीलाच अशी तटबंदी.

दरीकाठची सज्जा कोठी ही इमारत मोकळ्या हवेत बघण्यासारखी. राजदिंडी या गडाबाहेर पडणाऱ्या वाटेकडे मात्र फारसं कोणी फिरकत नाही, आणि हे नवलच आहे, कारण जुलै 1660 च्या त्या पावसाळी रात्री शिवाजी महाराज वेढ्यातून याच वाटेने विशाळगडाकडे निघाले. वाट उताराची आहे, गुळगुळीत तळाची चप्पल नको.

ऋतूचं म्हणाल तर जुलै-ऑगस्टमध्ये धुकं इतकं दाट असतं की सज्जा कोठीवरून दरीचा पत्ता लागत नाही, आणि शेवाळलेल्या पायऱ्यांवर हमखास पाय सरकतो. 2021 च्या जुलैत तर रस्ताच खचला होता. जोरदार पावसात निघण्याआधी चौकशी करा. ऑक्टोबर ते जानेवारी उत्तम. जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नाव आल्यापासून रविवारी जाणं टाळलेलंच बरं. सकाळी आठच्या आत पोचलात तर तीन दरवाजा निवांत मिळतो.

जेवणाला झुणका-भाकर, खर्डा आणि दही. बसण्याआधी भाकरी तव्यावरून येतेय की टोपलीतून, तेवढं बघून घ्या.