अँग्लो-सॅक्सन (जुन्या इंग्रजीतल्या) वीरकाव्याची शब्दपुस्तिका: घ्या, पण पेन्सिल हाती ठेवून

तालुक्याच्या बसस्टँडजवळच्या झेरॉक्स दुकानात बी.ए. इंग्रजीच्या पोरांसाठी ही ४० पानांची स्पायरल पुस्तिका ६० रुपयांत मिळते. गावात नेटवर्क गेलं तरी अभ्यास अडत नाही.

केनिंगचं प्रकरण फार सुंदर. 'ह्रोनराड' म्हणजे व्हेलची वाट, समुद्र. 'बानहूस' म्हणजे हाडांचं घर, शरीर. दोन नामं जोडून तिसरीच वस्तू दाखवायची रीत लगेच कळते. राजदरबारी गाणाऱ्या कवीची शाहिराशी तुलनाही चपखल. फक्त या कवीला म्हणतात तो शब्द 'स्कॉप' असा छापलाय, उच्चार 'शॉप'च्या जवळचा आहे.

अनुप्रासाचं पान मात्र पार चुकलंय. 'ओळीतले सगळे शब्द एकाच अक्षराने सुरू होतात' हे खरं नाही. ओळीचे दोन अर्धे, मध्ये विराम, प्रत्येक अर्ध्यात दोन मुख्य आघात. तिसऱ्या आघाताचा वर्ण पकडा. पहिला किंवा दुसरा, कधी दोन्ही, त्याच्याशी जुळतात. चौथा सहसा मोकळा. कोणताही स्वर कोणत्याही स्वराशी चालतो, पण 'स्ट' फक्त 'स्ट'शीच. हे न सांगितल्यामुळेच पोरं 'बेओवुल्फ' या जुन्या इंग्रजी वीरकाव्यात यमक शोधत बसतात.

'वेरगिल्ड'ला नुसतं 'दंड' म्हटलंय; ती मारल्या गेलेल्याच्या दर्जानुसार त्याच्या नातलगांना द्यायची भरपाई. 'कोमिटाटस' (धनी आणि त्याच्या सोबत्यांचं नातं) हा शब्दही जुन्या इंग्रजीतला नव्हे, लॅटिन, रोमन इतिहासकार टॅसिटसच्या इ.स. ९८च्या 'जर्मानिया'तला. धन्यासाठी मरेपर्यंत लढणाऱ्या सोबत्यांचं हे नातं समजायला ९९१च्या माल्डन लढाईवरचं काव्य हवं होतं, ते यात नाहीच.