कनेक्टरवर सोनं चढवायचंय: हार्ड गोल्ड, नॅनोकण की पॅलेडियम-निकेल?

बेळगावात उद्यमबाग, मच्छे, होनगा या पट्ट्यात निकेल आणि झिंक प्लेटिंगच्या (विजेने धातूचा थर चढवण्याच्या) टाक्या लोकांच्या अंगवळणी पडलेल्या आहेत. एज कनेक्टर (सर्किट बोर्डाची कड जिथं खोचतात तो जोड) किंवा सेन्सरच्या पिनांची चौकशी आली की गाडी सोन्यावर येते. मग कोणीतरी सुचवतं: बाथमध्ये, म्हणजे टाकीतल्या द्रावणात, सोन्याचे नॅनोकण (अतिसूक्ष्म कण) घाला, सोनं वाचेल. या सल्ल्यात तथ्य किती, ते बघू.

आधी रुळलेली वाट. कनेक्टरवर चालतं ते हार्ड गोल्ड, म्हणजे किंचित कोबाल्ट किंवा निकेल मिसळलेलं सोनं. पितळेवर किंवा तांब्यावर आधी निकेलचा थर, वर साधारण 0.76 मायक्रॉन सोनं. निकेल तांब्याला वर येऊ देत नाही, कोबाल्टमुळे सोनं घासलं तरी टिकतं. बाथ सौम्य आम्लाचा, पीएच 4 ते 5. त्यात लागणाऱ्या पोटॅशियम गोल्ड सायनाइडमध्ये 68 टक्के सोनंच असतं, त्यामुळे खर्च डोळ्यांत भरतो. एका चौरस डेसिमीटरवर 0.76 मायक्रॉन चढवायला सुमारे 0.15 ग्रॅम सोनं जातं. शिवाय जॉब, म्हणजे प्लेटिंगला आलेला माल, टाकीतून उचलताना अंगाला लागून जाणारं पाणीही सोन्याचंच. म्हणून पहिली धुण्याची टाकी साठवणीची ठेवायची. तिथलं पाणी थेट ईटीपीत (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेत) सोडलं तर ते सोनं गेलंच म्हणायचं.

आता नॅनोकण. कल्पना अशी की चांदी किंवा निकेलच्या थरात 10-20 नॅनोमीटरचे सोन्याचे कण शिऱ्यातल्या बेदाण्यांसारखे विखरून बसवायचे. 3 मायक्रॉन चांदीत वजनाने 1 टक्का सोनं धरलं, तर तेवढ्याच जागेला सुमारे 0.003 ग्रॅम पुरतं. हार्ड गोल्डच्या पन्नासाव्या हिश्शात काम. कागदावर.

टाकीजवळ गेलं की हिशेब फिरतो. सोन्याचं कोलॉइड, म्हणजे पाण्यात तरंगते ठेवलेले नॅनोकण, लालबुंद असतं. कोविडच्या घरगुती किटवर दिसणारी लाल रेघ बहुतेक वेळा याच कणांची. कण एकमेकांपासून दूर राहतात ते अंगावरच्या विद्युतभारामुळे. या लाल पाण्यात चिमूटभर मीठ टाकून बघा: बघता बघता जांभळं-निळं होतं, कण गोळा होऊन पुढे तळाशी बसतात. निकेलच्या बाथमध्ये तर लिटरला अडीचशे-तीनशे ग्रॅम निकेल सल्फेट असतं. कणांवर पॉलिमरचं कवच चढवलं नसेल तर तिथं त्यांचा निभाव लागत नाही. आणि कवच चढवलं की त्यातलं काही थरात शिरण्याची, थर ठिसूळ होण्याची धास्ती. फिल्टरला ॲक्टिव्हेटेड कार्बन लावायची आपल्याकडची सवय इथं अंगाशी येईल, कारण कार्बन ते पॉलिमरही ओढून घेतो.

चांदीच्या बाथची गोष्ट आणखी मजेशीर. तो बहुतेक ठिकाणी सायनाइडचा. मोकळं सायनाइड आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र आले की सोनं विरघळतं. रायचूर जिल्ह्यातल्या हट्टीच्या खाणीत दगडातून सोनं काढतात ते याच रसायनावर. कण जितका बारीक, तितका लवकर विरघळणार. म्हणजे महागडे कण टाकून शेवटी हाती गोल्ड सायनाइडच. ते सरळ विकत घेतलं असतं तर स्वस्त पडलं असतं. चांदीसाठी सायनाइड नसलेला बाथ घ्यावा लागेल, आणि तो सांभाळायला जास्त नाजूक.

भावाचं बोलायचं तर तयार कोलॉइडमध्ये लिटरला साधारण 50 मिलिग्रॅम सोनं असतं. शंभर लिटरच्या टाकीत लिटरला 1 ग्रॅम कण हवे असतील तर दोन हजार लिटर कोलॉइड आटवावं लागेल.

माझ्या मते खरी गोम मात्र वेगळीच आहे. काँटॅक्टचं काम वरच्या कातडीवर चालतं. सोनं गंजत नाही म्हणून मिलिव्होल्टचा सिग्नलही पलीकडे पोचतो. चांदीत विखुरलेले कण थराला कठीण करतील, घासण्याला टिकवतील, पण सभोवतालची चांदी उघडीच राहते आणि सल्फरने काळी पडते. चिक्कोडी-संकेश्वरच्या पट्ट्यात साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीतल्या स्पेंटवॉशमधून (मळीपासून अल्कोहोल काढून उरलेल्या सांडपाण्यातून) हायड्रोजन सल्फाइड हा सल्फरचा वायू सुटतो. तिथल्या पॅनेलमध्ये जाणाऱ्या काँटॅक्टवर हा थर कशाच्या भरवशावर द्यायचा? नुसता कठीणपणाच हवा असेल तर सिलिकॉन कार्बाइड, ॲल्युमिना किंवा ग्रॅफाइटचे कण कितीतरी स्वस्त. इंजिनच्या सिलिंडरवर निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा थर कित्येक वर्षं चालतोच आहे.

सोनंच वाचवायचं असेल तर तिसरा मार्ग जास्त शहाणपणाचा. निकेलवर 80-20 पॅलेडियम-निकेलचा (80 टक्के पॅलेडियम हा मौल्यवान धातू, 20 टक्के निकेल) थर आणि वर जेमतेम 0.1 मायक्रॉन सोन्याची फ्लॅश, म्हणजे अगदी पातळ थर. हा प्रकार कनेक्टरच्या धंद्यात जुना आहे. अडचण भावाची: 2020 च्या आसपास पॅलेडियम सोन्याहून महाग झालं होतं, म्हणून कोटेशन देताना दोन्हींचे त्या दिवसाचे भाव बघावेत. त्याहून सोपी बचत म्हणजे पिनेचं फक्त टोक सोन्याचं करणं. बाकी अंगाला निकेल पुरतं.

तरीही नॅनोकणांचं करून बघायची हौस असेल तर टाकी बिघडवू नका, 267 मिलिलिटरच्या हल सेलमध्ये (प्लेटिंगच्या चाचणीच्या छोट्या भांड्यात) चाचणी घ्या. चाचणीचा पत्रा निघाल्यावर एक्सआरएफच्या (क्ष-किरणांनी थर मोजणाऱ्या यंत्राच्या) आकड्यावर भिस्त ठेवू नका. ते यंत्र एकूण सोनं मोजतं, ते वर सलग आहे की आत विखुरलंय हे त्याला कळत नाही. ड्रॉइंगवर ‘हार्ड गोल्ड, 0.76 मायक्रॉन’ असं लिहिलं असेल तर नॅनोकणांचा थर त्यात बसत नाही. ग्राहकाकडून बदल लेखी घेतल्याशिवाय जॉब टाकीत उतरवू नका.