‘हाय थ्रस्ट’च्या स्टिकरला 45,000 जास्त मोजले, तुम्ही मोजू नका

सेकंडहँड ओबीएम (होडीच्या मागे लावायचं आउटबोर्ड मशीन) घेणाऱ्यांनो, आधी पंख्यावरचा, म्हणजे प्रोपेलरवरचा आकडा वाचा. मी 1,85,000 रोख दिले. साधी 9.9 एचपी तेव्हा 1,40,000 ला मिळत होती, वरचे 45,000 फक्त हाय थ्रस्टचे, म्हणजे जड होडी ढकलणाऱ्या मॉडेलचे, आणि हाय थ्रस्ट निघाला तो नुसता स्टिकर.

आमची फायबर होडी जड, त्यात जाळी, बर्फ, माणसं. ओहोटीच्या ओढीत खाडीत शिरायचं तर साध्या मशीनचा दम निघतो. हाय थ्रस्टचा गिअर रेशो 2.92, इंजिन जवळपास तीनदा फिरलं की पंखा एकदा, सावकाश फिरतो पण पंखा मोठा त्यामुळे ढकलतो जोरात. साध्याचा 2.08. हे माहीत होतं म्हणूनच तर जास्त पैसे दिले ना!

ट्रायल दिली विकणाऱ्याने स्वतःच्या रिकाम्या होडीवर, तिथे काहीही पळेल. मशीन वर उचललं तर पंख्यावर सव्वानऊ इंचाचा आकडा कोरलेला, माझ्या डोळ्यांसमोर. हाय थ्रस्टचा पंखा अकरा-बारा इंची असतो, खालची गिअरकेसही थोराड. मी विचारलं पण, तर म्हणे “हो ट्रायलचो पंखो, ओरिजनल घराक आसा.” नंबरप्लेटवर रंग फासलेला, तो काय खारं लागू नये म्हणून! 31 जुलैला पावसाळी मासेमारी बंदी संपते, त्याच्या तोंडावर कोण शंभर दुकानं हिंडत बसणार, तुम्हीच सांगा.

भरलेल्या होडीत फुल थ्रॉटलला 4,300 च्या वर आरपीएम जाईना, पाहिजे 5,000 ते 6,000. तो विकणारा म्हणाला पिच (एका फेऱ्यात पंखा जेवढं पुढे सरकतो ते अंतर) जास्त आहे, इंचभर उतरवलं की 200 एक आरपीएम वाढतात. हे खरंच आहे हो, म्हणून तर गळाला लागलो. एक पंखा 7,800, मग अजून कमी पिचचा 8,400, दोन्ही त्याच्याकडूनच. आरपीएम चढले, मागे नुसता फेस, होडी तिथेच. शेवटी 1,500 देऊन दुसरा मेकॅनिक आणला, त्याने प्लग काढून, मशीन गिअरमध्ये टाकून फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरचं चाक, हाताने फिरवलं. पंख्याचे 10 फेरे होईपर्यंत फ्लायव्हीलचे 29 व्हायला हवे होते, झाले 21, म्हणजे साधंच मशीन. पाच मिनिटांचं काम, घेण्याआधी करा!! एकूण 2,02,700 गेले.

पोलीस स्टेशनला गेलो, “हा सिव्हिल मॅटर”. साहेब जेवायला, साहेब बंदोबस्ताला, साहेब मीटिंगला, अर्ज घ्यायलासुद्धा कुणी नाही. मत्स्य खात्यात म्हणे अनुदानाचं इंजिन असतं तर बघितलं असतं, म्हणजे स्वतःच्या घामाच्या पैशाने घेतलं हा आमचा गुन्हा! एकाने तर सांगितलं की धंद्यासाठी घेतलंय, तुम्ही ग्राहकच नाही. साफ खोटं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वतःच्या पोटापाण्यासाठी घेतलेली वस्तू बसते, 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा, जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या वस्तूला फी पण नाही, फक्त दोन वर्षांच्या आत जा.

ट्रायल आपल्याच होडीवर, आपल्याच वजनात घ्या. रोख तर अजिबात नको. आणि पावतीवर मॉडेल, सिरीयल नंबर, गिअर रेशो लिहून घ्या, माझ्या पावतीवर नुसतं ‘ओबीएम 1 नग’ आहे आणि तेवढ्यावरच आता आयोगात भांडायचंय.