लवकर मूल, उशिरा मूल की कामात मोठा खंड: ठरवण्याआधी

मूल हवंय आणि कामही हवंय, एवढं ज्यांचं पक्कं आहे त्यांच्यापुढे मुख्यतः तीन वाटा असतात. विशीत किंवा तिशीच्या सुरुवातीला मूल, करिअर मार्गी लावून पस्तिशीनंतर मूल, आणि मूल झाल्यावर काही वर्षं पूर्णवेळ घरी. ज्यांना मूल नकोच आहे त्यांचा निर्णयही तितकाच पूर्ण आहे. त्यांच्याकडे कुणी कारण मागू नये, म्हणून त्यांना मी या तुलनेत ओढत नाही.

तिन्ही वाटांकडे मी एकाच प्रश्नातून बघते: पुढे मन बदललं, तर यातलं काय भरून काढता येतं आणि काय नाही?

लवकर की उशिरा

इथे शरीराचं गणित आधी मांडायला हवं, कारण ते वाटाघाटी करत नाही. निरोगी जोडपं प्रयत्न करत असेल तर विशीत आणि तिशीच्या सुरुवातीला दर महिन्याला साधारण चारातल्या एकीला दिवस जातात. चाळिशीला हे प्रमाण दहात एक इतकं खाली येतं. पस्तिशीनंतर उतार वाढतो, गर्भपाताचा धोकाही वाढतो. पुरुषाच्या वयाचाही परिणाम होतो, पण तो विषय घरात सहसा कुणी काढत नाही.

बीजांडं (स्त्रीबीजं) पुढे वापरण्यासाठी गोठवून ठेवण्याचा मार्ग आता प्रयोगाच्या पातळीवर राहिलेला नाही. मात्र त्याला मुलाची हमी समजू नका. गोठवताना तुमचं वय काय होतं आणि किती बीजांडं मिळाली, यावर सगळं ठरतं. अडतिसाव्या वर्षी त्याचा विचार सुरू केला, तर त्याचा बराचसा फायदा आधीच हातून गेलेला असतो.

उलट बाजूही खरी आहे. पंचविशीत मूल झालं तर कामात अजून तुमचं नाव झालेलं नसतं, गाठीला पैसे नसतात, अटी घालण्याइतकं वजन नसतं. पस्तिशीत हे तिन्ही असतं. 'दोन दिवस घरून काम करेन, साडेपाचनंतरच्या मीटिंगला नसेन' हे नवशिकीला म्हणता येत नाही, दहा वर्षं काम केलेलीला म्हणता येतं. म्हणून सरसकट 'लवकर उरकून टाका' हा सल्ला मला पटत नाही. पण उशीर करायचा तर ठरवून करा, आणि तिशीतच एकदा डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या.

खंड घ्यायचा की काम चालू ठेवायचं

सगळ्यात जास्त विचार इथे लागतो, आणि सगळ्यात कमी इथेच होतो. पाळणाघराचा खर्च आईच्या पगारातून वजा करायचा, उरलेली रक्कम बघायची आणि 'एवढ्यासाठी कशाला नोकरी' म्हणायचं, हा हिशेब घरोघरी होतो. तो दोन ठिकाणी चुकतो. खर्च दोघांच्या मुलाचा आहे, मग वजाबाकी एकीच्याच पगारातून का? शिवाय त्यात पुढच्या वीस वर्षांच्या पगारवाढी आणि बढत्या धरलेल्याच नसतात.

डेन्मार्कमध्ये पाळणाघरं आणि रजा दोन्ही चांगली आहेत. तिथल्या एका अभ्यासात पहिल्या मुलानंतर बायकांची कमाई दीर्घकाळात सुमारे २० टक्क्यांनी मागे पडलेली दिसली. वडिलांच्या कमाईला जवळपास धक्का नाही. २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी यामागची यंत्रणा दाखवली: कधीही, कितीही तास हजर राहणाऱ्याला काही क्षेत्रं तासांच्या प्रमाणाबाहेर जास्त पैसे देतात. मूल झाल्यावर घरासाठी हाताशी राहतं ते माणूस या शर्यतीतून बाहेर पडतं. अमेरिकेतल्या औषधविक्रीच्या क्षेत्रात हा फरक कमी आढळला, कारण तिथे एका फार्मासिस्टचं काम दुसरा सहज पुढे नेऊ शकतो. तेव्हा स्वतःच्या कामाबद्दल हेच विचारा: मी चार दिवस नसले तर काम दुसऱ्याच्या हाती जातं की अडतं? अडत असेल तर खंड महाग पडेल.

लगेच कामावर परतण्याचीही किंमत आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २००० सालच्या करारात प्रसूती रजेची किमान मर्यादा १४ आठवडे आहे. जागतिक आरोग्य संघटना मात्र ६ महिने फक्त आईचं दूध द्या म्हणते. मधले महिने आईने दूध काढून ठेवत, अपुऱ्या झोपेवर निभवायचे. त्याच करारात स्तनपानासाठी कामाच्या वेळात पगारी सुट्टी धरलेली आहे. पण बंद दार आणि फ्रिज असलेली खोली नसेल तर तिचा उपयोग होत नाही. रजेवर जाण्याआधी ती खोली स्वतः बघून या.

माझं मत: जमत असेल तर काम पूर्ण सोडण्यापेक्षा तास कमी करा. अर्ध्या वेळेचं का होईना, काम चालू असलं की ओळखी टिकतात, नवं तंत्र कळत राहतं. पाच वर्षांनी शून्यातून मुलाखती देणं त्याहून कितीतरी जड जातं. मात्र बाळ आजारी असेल, किंवा तुम्हाला मनापासून घरीच राहायचं असेल, तर खुशाल राहा. फक्त त्या काळातली बचत आणि विमा तुमच्या नावावर चालू राहील, हे आधी लेखी ठरवा.

जोडीदाराचा रकाना

स्वीडनने १९७४ मध्ये प्रसूती रजेच्या जागी आई-वडील दोघांची रजा आणली. आज तिथे ४८० दिवसांतले ९० दिवस प्रत्येक पालकासाठी राखीव आहेत, ते दुसऱ्याला देता येत नाहीत. अशी सोय नसेल तिथे वाटणी घरातच करावी लागते, आणि 'मी मदत करेन' यात वाटणी नसते. ताप आला तर रजा कोण टाकणार, लसीची तारीख कोण लक्षात ठेवणार, पाळणाघराच्या फॉर्मवर पहिला नंबर कुणाचा, हे नावानिशी ठरवा. दिवस राहण्याआधी ठरवा. उत्तर 'बघू तेव्हाचं तेव्हा' असं आलं, आणि वय हाताशी असेल, तर मी ते उत्तर बदलेपर्यंत थांबायला सांगेन.