वारसनोंदीच्या नावाखाली आमचा सडा विकला गेला

आमच्या सड्याच्या, म्हणजे गावच्या कातळमाळावरल्या जमिनीच्या, सातबाऱ्यावर परवापरवापर्यंत आजोबांचंच नाव होतं. ते जाऊन तीसेक वर्षं झाली, वारस सतरा, निम्मे मुंबईत. दोडामार्ग तालुक्यात असे सातबारे घरोघरी आहेत, आणि खाणीसाठी जमिनी गोळा करणाऱ्या दलालांना नेमके तेच हवे असतात.

आमच्याकडे आलेला माणूस परका नव्हता, वहिनींच्या माहेरचा. चतुर्थीला सगळे चाकरमानी घरात असताना आला, आमच्यात बसून झांजा वाजवल्या आणि दुसऱ्या दिवशी विषय काढला. "वारसनोंद मी करून देतंय, खर्च माझो." लगेच गाडी करून सगळ्यांना दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात नेलं. फोटो झाले, अंगठे झाले. कागद सहा पानांचा. त्याने पहिलं पान मोठ्याने वाचून दाखवलं, त्यात खरंच फक्त वारसांची नावं होती. विक्रीचे अधिकार चौथ्या पानावर होते. ते कुलमुखत्यारपत्र होतं. मी बँकेत हयात घालवलेला माणूस, मीही पान उलटलं नाही. वर चहापाण्याचे पाच हजार खिशात घातले, हे सांगायला आज लाज वाटते.

वारसनोंदीला निबंधकाकडे जावंच लागत नाही. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि तलाठ्याकडे अर्ज, एवढंच. निबंधकाकडे अंगठा मागितला तेव्हाच उठायला हवं होतं.

मार्चमध्ये चुलतभावाचा फोन आला. "दादा, सड्यावरल्या दगडांका तांबडो रंग कोणी मारल्यान?" मी हसण्यावारी नेलं. मग त्याने चावडीवर लावलेल्या नोटिशीचा फोटो पाठवला. नमुना ९, म्हणजे फेरफाराची, सातबाऱ्यावर नवं नाव चढवण्याआधीची नोटीस; खरेदीदाराचं नाव कधी न ऐकलेलं. हरकतीला पंधरा दिवस असतात, त्यातले अकरा गेले होते. रात्रीच्या गाडीने निघालो आणि लेखी हरकत देऊन पोच घेतली. पोच घ्याच, तोंडी सांगितलेलं कुठेच राहत नाही. नोंद तक्रारी ठरली आणि फेरफार अडला. कुलमुखत्यारपत्र रद्द केलं, पण त्याआधी झालेली विक्री त्याने रद्द होत नाही. खरेदीखत रद्द करायला दिवाणी दावा लागतो, तोही फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांच्या आत.

गाव पाठीशी उभं राहिलं ते तालुक्यातल्याच कळणे गावात जे घडलं त्यामुळे. जुलै २०२१ मध्ये तिथल्या खाणीचा बांध फुटून चिखल शेतांत आणि घरांत शिरला, तो आमच्या माणसांनी जवळून पाहिलाय. खाणीच्या जनसुनावणीला गेलो तेव्हा वाडीतल्या एका म्हाताऱ्या काकींनी हजेरीच्या कागदावर आधी 'विरोध' लिहिलं, मग सही केली. मागे एका ग्रामसभेतल्या हजेरीच्या सह्या ठरावाखाली निघाल्या होत्या म्हणे. मग रांगेतल्या सगळ्यांनी तसंच केलं.

दावा अजून चालू आहे. यंदा भावाने सड्यावर नाचणी केली आणि तांबड्या रंगाचे ते दगड उचलून कुंपणाच्या गडग्यात बसवले.